कोहळ्याचें गोत्र

शाळेंत निकालाच्या दिवशीं एक शब्द फार ऐकूं येतो. गणितांत ज्याला शून्य मिळालें त्याला भोपळा मिळाला, असें मुलें म्हणतात. मीं स्वतःच्या हातानें आयुष्यांत असे पुष्कळ भोपळे वांटले. आज निवृत्तीनंतर खऱ्या भोपळ्याविषयीं बोलावयाचा योग आला आहे, तेव्हां माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांनीं हें प्रायश्चित्त समजावें.

विषयाची सुरुवात आमच्या घरांतच झाली. आमची धाकटी सून साताऱ्याकडची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळींत तिच्या सासूनें तिला आमगांवच्या बाजारांतून एक चांगलें कोहळें आणावयास सांगितलें. ती बिचारी सगळा बाजार हिंडली आणि शेवटीं एक पांढरट, अंगावर भुकटी धरलेलें, उशीएवढें फळ घेऊन आली. सासूबाई पाहतच राहिल्या. "अगं सूनबाई, हें तर भुरं कोहळं! ह्याचे सांडगे होतात. उद्यां गाईंच्या खिचडींत काय घालूं?" सून म्हणाली, "पण आई, आमच्याकडे कोहळा म्हणतात तो ह्यालाच. तुम्हांला लाल भोपळा हवा होता होय?" दोघींनींहि माझ्याकडे पाहिलें. घरांत मास्तर असला म्हणजे असले खटले त्याच्यापुढें यावयाचेच. मीं निकाल दिला कीं दोघीहि बरोबर आहेत, आणि असा निकाल दिल्याबद्दल दोघींचाहि रोष पत्करला.

पुण्यासाताऱ्यास ज्याला तांबडा किंवा लाल भोपळा म्हणतात, त्याला आम्ही विदर्भांतले लोक कोहळें म्हणतों. खानदेशांत तेंच डांगर आणि गंगाफळ होतें. कोठें काशीफळ होतें. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेची शीव ओलांडून छत्तीसगढांत गेलें कीं कुम्हडा किंवा मखना म्हणतात, आणि पांढऱ्याला रखिया. एका फळाला इतकीं नांवें असावींत, आणि त्यांतलें एकहि त्याचें स्वतःचें नसावें, ही गोष्ट माझ्या मनांत घोळूं लागली. म्हणून त्याच्या गोत्राचा शोध घ्यावयास बसलों.

आपल्या देशांत ह्या कुळांतलीं दोन फळें फार जुनीं. एक अलाबू, म्हणजे आपला दुध्या भोपळा आणि त्याचा कडू भाऊ तुंबा. अलाबूचें नांव अथर्ववेदांत येतें. साधूच्या हातांतलें तुंब्याचें पात्र, पोहणें शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधलेला सुका भोपळा, रानांत जाणाऱ्या गोंड बांधवाच्या खांद्यावरचें पाण्याचें भांडें, हीं सगळीं त्याचींच रूपें. तंबोऱ्याचा भोपळाहि तोच. मिरजेस शिकलगार मंडळींनीं एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचें काम सोडून वाद्यें घडविण्याचें काम हातीं घेतलें. ह्या वाद्यांसाठीं लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूरकडे भीमेच्या कांठीं पिकवितात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

दुसरें फळ कूष्मांड, म्हणजे पांढरा कोहळा. आयुर्वेदांत त्याचा अवलेह आहे, नवदुर्गांतल्या चौथ्या देवीचें नांव कूष्मांडा आहे, आणि कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांड नवमी म्हणून त्याचें दान देतात. जेथें पशूचा बळी द्यावयाचा नाहीं तेथें त्याच्या जागीं कोहळा कापतात. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण ह्याच कोहळ्याची.

आतां ह्या दोघांना पूर्ण स्वदेशी म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. दुध्याचा मूळ वंश आफ्रिकेंतला आणि कूष्मांडाचा अतिपूर्वेकडच्या देशांतला, असें वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. परंतु ते इतक्या प्राचीन काळीं आले कीं आपल्याला त्यांचें येणें आठवत नाहीं. गांवांत चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला कोणी परगांवचें म्हणत नाहीं, तसेंच हें.

तिसरा, लाल भोपळा, मात्र अगदीं अलीकडचा पाहुणा. तो अमेरिका खंडांतला. १४९२ पूर्वीं हें फळ आपल्याकडच्या कोणा राजानें वा रंकानें पाहिलेलें नव्हतें. ही गोष्ट आज निर्विवाद वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिजवर पंडितांत वाद होता. पिकांच्या मूलस्थानांवर ग्रंथ लिहिणारा स्विस विद्वान डी कांडोल ह्यानें मोठ्या भोपळ्याचें माहेर आफ्रिकेंत असावें असें मत दिलें. एसा ग्रे व ट्रम्बुल ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं १८८३ मध्यें त्याच्या ग्रंथाचें परीक्षण करतांना तद्देशीय जमातींच्या भाषांतील शब्द पुढें मांडून त्याला उत्तर दिलें. पुढें उत्खननांनीं निकाल लावला. मेक्सिकोंतील वाहाका प्रांतांत ग्विला नाकित्स नांवाची एक गुहा आहे. तेथें सांपडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारें दहा हजार वर्षांच्या जुन्या व मानवानें लागवड केलेल्या आहेत, असें ब्रूस स्मिथ ह्यांनीं १९९७ मध्यें दाखविलें. ती जात आपल्या कोहळ्याची सख्खी नव्हे, चुलत बहीण. पण घराणें तेंच. दहा हजार वर्षें म्हणजे मक्याच्याहि आधीं तिकडच्या माणसानें हा वेल हातीं धरला होता.

युरोपांत त्याचें आगमन चित्रांनीं नोंदलें. फ्रान्सची राणी ॲन हिच्यासाठीं १५०३ ते १५०८ च्या दरम्यान तयार झालेल्या प्रार्थनापुस्तकांत ह्या कुळांतल्या वेलाचें चित्र आहे. रोममधील फार्नेसिना नांवाच्या वाड्यांत १५१५ ते १५१८ च्या सुमारास रंगविलेल्या फळापानांच्या तोरणांत तर अमेरिकेचे तीन प्रकारचे भोपळे लोंबत आहेत. कोलंबस परतल्यास तेव्हां जेमतेम बावीस ते पंचवीस वर्षें झालीं होतीं. मिरची, बटाटा, पेरू, अननस, काजू ह्यांच्या जोडीनें पोर्तुगीजांच्या व्यापारवाटांवरून हें फळहि आपल्या किनाऱ्यास लागलें, असें मानतात.

येथें एक मौज पाहा. बटाटा आला तो आपलें पोर्तुगीज नांव घेऊन. अननस आणि काजू ह्यांनीं ब्राझीलच्या अरण्यांतल्या लोकांचीं नांवें आपल्या तोंडीं बसविलीं. कोहळ्यानें मात्र आपलें नांव समुद्रांत टाकून दिलें. कोंकण-देशावर तो दुध्याचें नांव घेऊन भोपळा झाला, विदर्भांत कूष्मांडाचें नांव घेऊन कोहळें झाला, आणि गंगाफळ व काशीफळ हीं नांवें घेऊन तर थेट काशीयात्राच करून आला! मेक्सिकोच्या डोंगरांतल्या फळाला गंगेचें नांव देणारा तो पहिला मनुष्य कोण असेल? त्यानें कांहीं फसविण्यासाठीं तें केलें नसेल. नवें फळ दिसलें, ओळखीच्या फळासारखें वाटलें, ओळखीचें नांव दिलें.

पण केवळ दिसण्यावरून एवढा मान मिळत नाहीं. पाहुण्याला घरांत ओसरीवर बसवितात, देवघरांत नेत नाहींत. कोहळें देवघरांत गेलें, गोठ्यांत गेलें, तें कां, ह्याचें उत्तर आमच्या धानाच्या मुलखांत सांपडतें असें मला वाटतें.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. हा प्रदेश तळ्यांचा आणि धानाचा. येथील कोहळी समाज तळीं बांधण्यांत प्रवीण. नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें कोलू पाटील कोहळी ह्यांनीं बांधलें अशी परंपरा आहे. कोहळी आणि कोहळें ह्या नांवांचें नातें जोडण्याचा मोह मलाहि झाला होता, पण त्याला आधार नाहीं, म्हणून तो मीं आवरला. मुद्दा असा कीं तळीं कितीहि असलीं तरी सर्व भिस्त एका पिकावर. हलकें धान आश्विनांत हातीं येतें, पण मुख्य जें भारी धान तें कार्तिक-मार्गशीर्षाशिवाय कापणीला येत नाहीं. म्हणजे शरद ऋतु, कवींचा तो निरभ्र चांदण्याचा ऋतु, आमच्या लहान शेतकऱ्याला व मजुराला अडचणीचा. गेल्या वर्षाची कोठी तळाशीं गेलेली, नवें धान अजून शेतांत उभें, आणि त्यांतच दसरा, कोजागिरी, दिवाळी हे सण दारांत. नेमक्या ह्या आठवड्यांत छपरावर कोहळीं पिकलेलीं असतात.

शिवाय त्याला जमीन लागत नाहीं. ज्याच्याजवळ बांधाएवढेंहि शेत नाहीं त्याच्या झोंपडीमागें उकिरडा असतोच. पहिल्या पावसांत तेथें चार बिया टोंचल्या, वेलाला काठीचा आधार देऊन कवेलूंच्या छपरावर चढविला, कीं पुढचें काम तो स्वतः पाहतो. आणि टिकण्यांत तर कोहळ्याचा हात कोण धरील! देठ वाळून कडक झाला आणि सालींत नख शिरेनासें झालें म्हणजे फळ पिकलें. तें दोन बोटें देठ ठेवून तोडावें, चार-आठ दिवस ऊन द्यावें आणि कोरड्या जागीं तणसावर एकमेकांस न लागेल असें मांडावें. माघ-फाल्गुनापर्यंत त्याला कांहीं होत नाहीं. देठ मोडला तर मात्र तेथूनच कूज शिरते. आमच्या आईनें देठाला धरून कोहळें उचलणाऱ्या मुलाच्या पाठींत धपाटा घातल्याशिवाय कधीं सोडलें नाहीं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन मोठ्या दुष्काळांत तेव्हांचा भंडारा जिल्हा होरपळून निघाला. धानाला शेवटचें पाणी मिळालें नाहीं तर सगळा हंगाम जातो. माझी आजी आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेली हकीकत सांगे. त्या वर्षीं घरांत एकच कोहळें उरलें होतें. सासूबाईंनीं तें फोडलें, गर मुलांना शिजवून घातला, साल बैलांना दिली. पण मूठभर बिया पदराच्या गांठींत बांधून ठेवल्या, आणि भूक लागली तरी कोणाला त्यांतली एक भाजूं दिली नाहीं. ही हकीकत मी कोणत्याहि पुस्तकांत दाखवूं शकत नाहीं. पण आमच्या घरीं कोहळ्याची पहिली मूठ बी आजहि राखेंत घोळून मडक्यांत जाते आणि मगच बाकीच्याला हात लागतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

आतां मानाकडे वळूं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे गायगोधन असतें. गोवारी बांधव गाईंना सजवून, गात-वाजवीत नेतात. घरोघर गाईसाठीं खिचडी रांधतात आणि तींत कोहळें घालतात. शेजारच्या छत्तीसगढांतहि त्या दिवशींच्या खिचडींत कुम्हडा आणि कोचई, म्हणजे अळूचे कांदे, असतातच. गाईला आधीं, माणसांना मागून, असा नियम. त्यानंतर गांवोगांव मंडई भरते, आणि मंडईला आलेल्या पाहुण्याला कोहळ्याचीं बोंडें न खाऊं घालतां पाठविलें तर घरधनिणीची वर्षभर चर्चा होते.

दुसरी चाल अधिक विचार करण्याजोगी. छत्तीसगढांत आणि आमच्याकडेहि कित्येक घरीं बाई अखंड कोहळें फोडीत नाहीं. घरांतल्या पुरुषानें किंवा पोरानें पहिला घाव घालावयाचा, मग बाईनें चिरावें. कारण विचारलें तर सांगतात कीं कोहळें हा ज्येष्ठ पुत्र. आईनें त्याच्यावर विळा कसा चालवावा? मला वाटतें, ह्या चालीचें मूळ पांढऱ्या कोहळ्यांत असावें. तो बळीच्या जागीं कापला जाई, म्हणून त्याचें कापणें म्हणजे एक प्रकारची हत्या मानली गेली. लाल कोहळ्यानें त्याचें नांव घेतलें, तेव्हां नांवाबरोबर तें पावित्र्यहि त्याच्याकडे आलें. हा माझा तर्क आहे, कोणाला दुसरें कारण ठाऊक असल्यास मीं तें आनंदानें ऐकेन.

पश्चिमेकडेहि ह्या फळाच्या हातून असाच प्रकार घडला. आयर्लंडांत ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्रीं सलगम पोखरून त्यांत दिवा ठेवीत. तेथले लोक अमेरिकेस जाऊन राहिले, तेव्हां त्यांना तेथें मोठा, पोखरावयास सोपा भोपळा मिळाला आणि सलगम मागें पडला. हल्लीं आपल्या शहरांतहि भोपळ्याला डोळे-तोंड कोरून दिवा लावण्याची हौस दिसूं लागली आहे. मुलांनीं हौस करावी. मात्र पोखरून काढलेला गर केराच्या टोपलींत जातो असें मीं नागपुरास एका घरीं पाहिलें, आणि त्या रात्रीं मला जेवण गोड लागलें नाहीं.

ह्या गराचें काय होत नाहीं? आमच्याकडे गुळांत शिजवून, कणकेंत मळून बोंडें तळतात; देशावर त्याच पिठाचे थापून घारगे करतात. मेथीदाण्याची फोडणी व किंचित् गूळ घालून भाजी, उकडून दह्यांत भरीत, दूध घालून खीर, हें तर सर्वांस ठाऊक आहे. पण फळ हा वेलाचा एक भाग झाला. कोंवळ्या पानांची भाजी होते. फुलांचीं भजीं होतात. त्यांत एक विवेक हवा. वेलाला नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादीच्या फुलाखालीं इवलेंसें कोहळें असतें, नराचा देठ सरळ असतो. भजीं नरफुलांचीं करावींत आणि तींहि सगळीं तोडूं नयेत. वेलाला फुलें पुष्कळ पण फळ धरत नाहीं अशी तक्रार येते, तेव्हां बहुधा मधमाशी फिरकलेली नसते. फूल पहांटे उमलतें आणि दुपारच्या आंत मिटतें. तेवढ्यांत एक नरफूल तोडून त्याचे केसर मादीच्या फुलांत फिरवावेत. मी वर्गांत हा प्रयोग दर भाद्रपदांत करीत असें. पुस्तकांतलें परागीभवन ज्यांच्या डोक्यांत शिरत नसे, अशीं पोरें दुसऱ्या आठवड्यांत आपल्या कोहळ्यावर खडूनें नांव घालीत.

बियांकडे शहरांत कोणी पाहत नाहीं. त्या धुवून, वाळवून, तव्यावर मीठ लावून भाजाव्यात. पोटांतल्या चपट्या कृमींवर त्या देण्याची चाल पुष्कळ देशांत होती. अमेरिकेच्या अधिकृत औषधिसंग्रहांत १८६३ पासून १९३६ पर्यंत त्यांना स्थान होतें. एक इशारा मात्र देऊन ठेवतों. भोपळा कोणत्याहि जातीचा असो, चाखल्यावर कडू लागला तर तो टाकून द्यावा. त्या कडूपणांत विष असतें, शिजवल्यानें जात नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंगाची. कुन्नूर येथील संशोधनसंस्थेचे डॉ. अॅक्रॉइड ह्यांनीं १९३७ मध्यें आपल्या देशांतील अन्नपदार्थांच्या घटकांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, तेव्हांपासून हें शास्त्र आपल्याकडे रूढ झालें. पांढऱ्या तांदुळांत डोळ्यांना लागणारें अ जीवनसत्त्व नाहीं. केवळ भातावर वाढलेल्या मुलाला रातांधळें येण्याचें भय असतें. कोहळ्याचा केशरी रंग ज्या द्रव्याचा आहे, त्यापासूनच शरीर तें जीवनसत्त्व बनवितें, आणि हिरव्या पानांतहि तें द्रव्य असतें. ज्या मुलखाच्या ताटांत सगळा पांढरा भात, त्या ताटांत ह्या पाहुण्यानें आपला रंग आणून टाकला. आमच्या पूर्वजांना जीवनसत्त्वें ठाऊक नव्हतीं, तेव्हां त्यांनीं हें जाणून केलें असें मी म्हणणार नाहीं.

माझी चिंता निराळीच आहे. आमच्या गांवांत कवेलूंचीं छपरें आतां थोडीं राहिलीं. सिमेंटचीं पक्कीं घरें आलीं, तीं यावयास हवींतच. गळक्या छपराखालीं पावसाळा काढलेला मनुष्य त्यांची निंदा करणार नाहीं. परंतु तापलेल्या सिमेंटवर वेल भाजतो आणि परसांतला उकिरडाहि गेला. कोहळें आतां बाजारांतून, फोडी करून, पाव किलोनें येतें. त्या फोडींतलें बी मीं एकदां हौसेनें लावलें. चार वेलांना चार तऱ्हेचीं फळें आलीं, एक लांबट, एक चपटें, दोन फिक्या गराचीं. संकरित बी असें दुसऱ्या पिढींत फुटतें, हें मी मुलांना शिकवीत आलों होतों, तरी फसलों. पूर्वीं आमच्या एका गांवांत गोल, फाकदार, ढोलासारखें अशीं निरनिराळ्या घराण्यांचीं कोहळीं असत आणि मुलीच्या पाठवणींत बियांची पुरचुंडी जात असे. आज बियांसाठीं गांवांत फिरलों तेव्हां तीन घरीं जुनें बी मिळालें. तिन्ही घरांतल्या म्हाताऱ्या सत्तरीच्या पुढच्या आहेत.

गेल्या वर्षीं तें बी आम्हीं लावलें. छपराऐवजीं अंगणांत बांबूंचा मांडव केला आणि सूनबाईनें सकाळीं फुलें जुळविण्याचें काम घेतलें. नऊ फळें धरलीं. त्यांपैकीं दोन वानरांनीं नेलीं. गोधनाच्या दिवशीं सर्वांत मोठें कोहळें ओसरीवर आणलें, आणि माझा सहा वर्षांचा नातू दोन्ही हातांनीं कोयता धरून पुढें झाला. पहिला घाव सालीवरून घसरला, दुसराहि घसरला, तिसऱ्याला मीं मागून हात लावला. आजीनें खालीं पसरलेल्या सुपांत बिया गोळा केल्या. सूनबाईनें साताऱ्याच्या आपल्या आईसाठीं त्यांतल्या वीस मोजून एका कागदाच्या पुडींत घातल्या, आणि पुडीवर काय लिहावें म्हणून मला विचारलें. मीं म्हटलें, तूंच ठरव. तिनें आधीं लाल भोपळा असें लिहिलें, आणि मग कंसांत, कोहळें.